गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

मे महिन्यातल्या भर दुपारी खंबाटकी घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी हमखास दिसते. मालक घाम पुसत सेल्फ मारत असतो आणि इंजिन दाद देत नसतं. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्री तिला दोन चकरा फिरवतो, काहीच होत नाही. मग सुरू होतं ते ‘पार्ट बदलून बघू’चं सत्र. आधी प्लग, मग कॉइल, मग पंप. बिल वाढतं, दुखणं तसंच राहतं.

यात मिस्त्रीचं कौशल्य कमी पडतं असं नाही. या बिघाडाचा पुरावाच उष्णतेवर अवलंबून असतो. गाडी थंड झाली की तो नाहीसा होतो. म्हणून तपासाची वेळ महत्त्वाची. गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं गॅरेजमधल्या दोन दिवसांपेक्षा जास्त सांगून जातात.

त्या पाच मिनिटांत एकाच प्रश्नाचं उत्तर काढायचं असतं: करंट गेला की पेट्रोल? पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी लागते. हवा सहसा दगा देत नाही. उरले दोन संशयित, आणि उन्हाचा त्रास दोघांनाही होतो. (तापमानाचा काटा लालमध्ये गेला असेल तर मात्र प्रकरण रेडिएटरचं आहे, ते वेगळं.)

आधी पेट्रोल. पेट्रोल हा अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण असलेला द्रव. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच बोल्टने जखडलेला असतो, म्हणजे इंजिनाची उष्णता थेट त्याच्या अंगात. शिवाय हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. पंपाचा पडदा खालीवर होत राहतो, पण पेट्रोल ढकलण्याऐवजी तो नुसती वाफ दाबतो आणि सोडतो. हाच व्हेपर लॉक.

घाटात हे सगळं एकत्र येतं. खालचा गिअर, इंजिनावर ताण, वेग कमी म्हणून बॉनेटखाली वारा नाही, आणि चढाबरोबर उतरत जाणारा हवेचा दाब. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका गुंडाळायचे, तो अडाणी तोडगा नव्हता. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅममागे सुमारे अडीच हजार ज्यूल उष्णता शोषली जाते आणि ती पंपातून येते. फडका पंपावरच हवा. तापलेल्या इंजिनावर बादली ओतली तर बीड धातूला तडा जाऊ शकतो. तेल कंपन्यांनाही हा उकाडा ठाऊक आहे. आपल्याकडच्या पेट्रोलच्या मानकात व्हेपर लॉक निर्देशांक असतो आणि उन्हाळ्यासाठी त्याची मर्यादा अधिक कडक ठेवलेली असते.

उलटा प्रकारही घडतो. गाडी ढाब्यावर थांबवली की पंखा आणि पाण्याचं अभिसरण बंद पडतं, पण इंजिनातली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे थांबल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान वाढतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. इथे पेट्रोल कमी नसून जास्त झालेलं असतं. नाकाला उग्र वास आला तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा. वास नसेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून, इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढायची. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोहोचतंय. कोरडं असेल तर पंप आणि नळी बघायची. त्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि गाडी सुरू झाली, तर टाकीचं हवेचं भोक बुजलंय. उपाय फुकटात.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, म्हणून व्हेपर लॉक क्वचितच. पण त्या पंपाला थंड ठेवतं तेही भोवतालचं पेट्रोलच. उन्हाळ्यात कायम रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता करंट. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवरची कॉइल १०० अंशांना पोहोचली की रोध जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. धडधाकट कॉइल हे सोसते. जुन्या कॉइलच्या वेढ्यांवरचं आवरण मात्र तापल्यावर जागा सोडतं आणि ठिणगी मरते. इलेक्ट्रॉनिक भागांत तर डाखाचा केसाएवढा तडा तापल्यावर उघडतो आणि थंड झाल्यावर मिटतो. अमेरिकेत फोर्डने १९८० च्या दशकापासून अनेक गाड्यांत इग्निशन मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवलं, म्हणजे इंजिनाच्या धगीतच. ते तापून बंद पडायचं आणि निवल्यावर पुन्हा चालायचं. प्रकरण कोर्टात गेलं. २००० साली कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी कंपनीने दोष दडवल्याचा ठपका ठेवून गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. पुढे तडजोड झाली. एक भाग कुठे बसवायचा, एवढ्या निर्णयाची ही किंमत.

इंजेक्शनच्या गाड्यांत माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर असतो. हा बोटाएवढा भाग क्रँकशाफ्टचे फेरे मोजतो. त्याचा संदेश थांबला की संगणक ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही तोडतो. खूण सोपी आहे: गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आपटला, तर सेन्सर तपासा. काटा हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे वळा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घुं‌ऽऽ असा पंपाचा आवाज येतो का, तेही ऐका. आवाज नसेल तर पंपाबरोबर त्याचा रिलेही तपासायला हवा. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांत मुख्य रिलेच्या डाखाला असेच तडे जात.

गॅरेजमध्ये बिघाड दिसत नसेल तर तो मुद्दाम घडवून आणता येतो. इंजिन चालू ठेवून संशयित भागावर हेअर ड्रायरची गरम हवा मारायची, एका वेळी एकाच भागावर. इंजिन बंद पडलं तर तोच भाग थंड करायचा. ते लगेच सुरू झालं तर गुन्हेगार सापडला. ही खात्री होण्याआधी नवा पार्ट विकत घेणं मला पटत नाही. ड्रायर फक्त विजेच्या भागांसाठी. पेट्रोलच्या नळ्यांजवळ तो नेऊ नका, आणि ठिणगी बघायची असेल तर प्लग कार्ब्युरेटरपासून लांब धरा.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली तर ती आधी कडेला घ्या, हझार्ड लाइट लावा आणि मोबाइलमध्ये चारच गोष्टी टिपा: काटा कसा पडला, वास आला का, पंप वाजला का, टाकीत पेट्रोल किती होतं. मिस्त्रीला गाडीबरोबर ही टिपणंही द्या.