दाब किती असावा? ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या लाइन प्रेशरविषयी

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गिअरबॉक्सवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. निमित्त असं झालं की, आमच्या एका माजी विद्यार्थ्याने जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली. पुढे तुळजापूरच्या घाटात क्लच घसरू लागला. ‘दाब वाढवला की झालं,’ असं म्हणत एका मेकॅनिकने कडक स्प्रिंग टाकून दिली. काही महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागला. चूक कुठे झाली, ते आज आपण पाहू.

आधी एक खुलासा. २०१४ नंतर आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आलेला एएमटी हा मूळचा हाताने बदलायचाच गिअरबॉक्स; आपला विषय तो नाही. आपण बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल. अमेरिकेत १९३९ मध्ये ओल्डस्मोबिलने हायड्रामॅटिक बाजारात आणला, तेव्हापासून या घराण्यात गिअर बदलण्याचं काम ऑइलचा दाब करतो. पंपातून निघून क्लचपर्यंत जाणारा हा मुख्य दाब, म्हणजे लाइन प्रेशर.

हिशेब सोपा आहे. क्लचच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो धरा. प्लेटांवर ८०० किलोचा जोर येतो. आता इंजिनाचा टॉर्क दीडपट केला, तर त्याच प्लेटा धरून ठेवायला जोरही दीडपट हवा. मग एक तर दाब १५ वर न्या, नाही तर प्लेटा वाढवा.

मग कायमच दाब जास्त ठेवला तर? इथेच गफलत होते. गर्दीत हळू जातानाही प्लेटा धाडकन पकडतात, प्रवाशाला धक्का बसतो, सुटे भाग मार खातात. शिवाय पंप इंजिनावरच चालतो. मिनिटाला ६० लिटर ऑइल १० बारवर ढकलायला साधारण एक किलोवॅट लागतो, २० बारवर दोन. ती ताकद शेवटी उष्णता होऊन ऑइलमध्येच उतरते.

आपण सोलापूरकरांना हे मागावरून चटकन कळेल. ताण्याचे धागे सैल पडले तर कापड बिघडतं, फार ओढले तर धागेच तुटतात.

म्हणून दाब भाराप्रमाणे बदलावा लागतो. नियामक झडपेच्या एका बाजूने ऑइल रेटतं, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. दाब वाढला की झडप सरकते आणि जादा ऑइल परत पाठवते. पण भार किती आहे, हे झडपेला सांगणार कोण? काही गाड्यांत इंजिनाचा व्हॅक्यूम सांगे, काहींत थ्रॉटलला जोडलेली केबल. जनरल मोटर्सच्या ७००-आर४ मध्ये, जो १९८२ मध्ये कॉर्व्हेटसारख्या वेगवान गाडीतही आला, ही केबल चुकीची बसवली तर क्लच जळत. आता हे काम संगणक आणि सोलेनॉइड करतात.

यात एक सुंदर विचार दडलेला आहे. अनेक गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडचा वीजप्रवाह तुटला की दाब कमी होत नाही, सर्वांत जास्त होतो. कारण दोन्ही चुका सारख्या नाहीत. दाब कमी पडला तर प्लेटा घसरून थोड्या वेळात जळतात. जास्त झाला तर नुकसान सावकाश होतं. म्हणजे माहिती नसेल तेव्हा जास्तीकडे झुका, माहिती असेल तेव्हा मोजून द्या. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत मात्र माहिती मिळवणं शक्य असूनही कुणी ती मिळवली नाही.

दुसऱ्या वेळी एका जाणत्या कारागिराने आधी प्रेशर गेज लावला. ऑइल थंड असताना दाब नको तितका. तापून पातळ झाल्यावर अपुरा. पंपच झिजला होता! स्प्रिंग फक्त दाबाची मर्यादा ठरवते, दाब निर्माण होतो तो पंपाच्या प्रवाहातून. झिजलेल्या पंपापुढे कडक स्प्रिंग काय करणार?

तेव्हा गाडीची ताकद वाढवणाऱ्यांनी एवढं करा. ऑइलची पातळी आणि फिल्टर तपासा. ऑइल गरम असताना, गाडी जागेवर असताना आणि भार पडल्यावर, ‘डी’ आणि ‘आर’ दोन्हींत, दाब मोजून कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहा. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर.