पिंपरी-चिंचवड परिसरातील पायाभूत सुविधा आणि प्रशासकीय समन्वय

प्रस्तावना

पाणी, रस्ते, मलनिस्सारण व सार्वजनिक वाहतूक या सुविधांचा विस्तार महानगरपालिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही. पिंपरी-चिंचवडला पाणी पुरविणारे धरण मावळ तालुक्यात आहे, तर त्याच्याशी जोडलेला चाकणचा औद्योगिक पट्टा खेड तालुक्यात आहे. अशा परिसरात राज्य शासन विविध यंत्रणांचा मेळ कसा घालते व तो कोठे अपुरा पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्रणांची विभागणी

या परिसराच्या वाढीस १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने चालना दिली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. नियोजित वसाहतींसाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ मध्ये ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले. चाकणमध्ये औद्योगिक क्षेत्र महामंडळाकडे, शहर नगरपरिषदेकडे, तर भोवतालची गावे ग्रामपंचायतींकडे आहेत. धरणे जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात. प्रत्येक यंत्रणेचे अधिकार स्पष्ट आहेत. परंतु समग्र परिणामाचे उत्तरदायित्व कोणा एकीकडे नाही.

पवनेचा अनुभव

पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेत बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून उपसून निगडी येथे शुद्ध केले जाते. वाटेतील गळती व प्रदूषण टाळण्यासाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानांतर्गत सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या बंद जलवाहिनीची योजना आखण्यात आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती तर्कसंगत होती. तथापि नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने वाहते पात्र हाच उपसा सिंचनाचा व विहिरींचा आधार होता. शिवाय धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही प्रलंबित होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी आंदोलकांचा मृत्यू झाला. शासनाने योजनेस स्थगिती दिली. ती २०२३ मध्ये उठविण्यात आली, तरी विरोध मावळला नाही. दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. म्हणजेच समन्वयाच्या अभावाची किंमत गाव व शहर या दोहोंनी मोजली.

वाहतुकीशी तुलना

याउलट २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्यात पुणे महानगरपालिकेचा ६० टक्के व पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के वाटा ठरला. सेवेतील उणिवा राहिल्या, तरी भार कोणी किती उचलावा हे निश्चित झाल्याने व्यवस्था टिकली. पाण्याच्या बाबतीत मात्र वरच्या अंगाच्या गावांना ना वाटा होता, ना निर्णयात स्थान.

घटनात्मक मार्ग

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) महानगर नियोजन समितीची तरतूद केली. पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीचे वाटप हा तिच्या विचारकक्षेतील विषय आहे. तिच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांची निवड नगरपालिकांचे सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून व्हावयाची असते. मावळच्या सरपंचास आणि पिंपरीच्या नगरसेवकास एकाच मेजावर बसविणारी रचना घटनेत उपलब्ध आहे. विकास प्राधिकरण ही प्रशासकीय यंत्रणा तिची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

समन्वय म्हणजे केवळ अधिकाऱ्यांच्या संयुक्त बैठका नव्हेत. ज्यांच्या भूमीतून व नदीतून सुविधा येते त्यांची संमती, मोबदला व सहभाग योजनेच्या आराखड्यातच निश्चित होणे, हा त्याचा खरा अर्थ होय. जलवाहिनीचे काम पुन्हा हाती घेताना हाच क्रम पाळला जाणे आवश्यक आहे.