जुन्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या शाळेच्या उद्योगवर्गासाठीं हवा दाबून सांठविण्याचें एक जुनें यंत्र विकत घेण्यांत आलें. यास सर्वत्र कॉम्प्रेसर असेंच म्हणतात, व ज्यांच्या घरीं सायकलींचें अथवा मोटारदुरुस्तीचें दुकान आहे त्या विद्यार्थ्यांस तें लहानपणापासून परिचयाचें असतें. बांकांस रंग मारण्यासाठीं, यंत्रांतील भुसा उडविण्यासाठीं व चाकांत हवा भरण्यासाठीं आम्हांस त्याची गरज होती. नव्या यंत्राची किंमत परवडण्यासारखी नव्हती, म्हणून जुन्या बाजारांत शोध केला. यंत्रास २ अश्वशक्तीची मोटार, दोन नळकांड्यांचा पंप व खालीं १०० लिटरची आडवी टाकी होती. सर्व भाग जुने, रंग मात्र नवा कोरा हिरवागार. जुन्या यंत्राचा रंग नवा दिसला म्हणजे घेणारानें अधिक जवळ जाऊन पाहावें, ही गोष्ट मला त्या दिवशीं सुचली नाहीं.

प्रथम यंत्राची रचना समजून घेऊं. मोटार पट्ट्याच्या योगानें पंपाचें मोठें चाक फिरविते. चाकाबरोबर आंतील दांडा फिरतो व त्यास जोडलेले दट्टे नळकांड्यांत खालींवर होतात. दट्ट्या खालीं गेला कीं पोलादाची पातळ पट्टीची झडप उघडून बाहेरची हवा आंत येते. तो वर आला कीं ती झडप मिटते, दुसरी उघडते, व दाबलेली हवा नळीवाटे टाकींत जाते. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें उष्णमान तेंच राहिल्यास हवेचें आकारमान निम्में केलें असतां तिचा दाब दुप्पट होतो. परंतु पंपांत उष्णमान तेंच राहात नाहीं. सायकलीचा पंप जोरानें मारतांना त्याचें टोंक बोटांस चटका देतें, हा अनुभव प्रत्येकास आहे. ३० अंश उष्णमानाची हवा एकदम ७ किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ७ किलो) दाबली, आणि उष्णता बाहेर जाऊं दिली नाहीं, तर गणितानें तिचें उष्णमान सुमारें २७५ अंश भरतें. प्रत्यक्षांत बरीच उष्णता नळकांड्यावरील पाकळ्यांतून निघून जाते; तथापि उरते तीहि थोडी नसते. या उष्णतेनें तेलाचा अंश जळून झडपांवर काजळी धरते. आमच्या पंपाचें डोकें उघडलें तेव्हां झडपांवर डांबरासारखा थर बसलेला होता व एक पट्टी तर अर्धवट उघडीच राहिली होती. मुलांनीं तो थर काढला, झडपेची बैठक सपाट कांचेवर बारीक पॉलिश-पेस्टनें घांसून समतल केली, गॅस्केट नवें घातलें, आणि जुनें काळें तेल काढून कॉम्प्रेसरसाठींच मिळणारें तेल भरलें. एवढ्यानें पंप सुधारला.

खरी अडचण पुढेंच होती. टाकी रिकामी असतां यंत्र नीट सुरू होई. ती भरली कीं आपोआप बंद पडे, हें योग्यच. परंतु हवा वापरून दाब उतरल्यावर मोटार पुन्हां सुरू व्हावयाची वेळ आली म्हणजे ती नुसती घुमे, दिवे मंद होत, आणि क्षणांत फलकावरील बटण खालीं पडे. आमच्या उद्योगवर्गाचे मिस्त्री म्हणाले, “सर, मोटार गेली. वाइंडिंग करावें लागेल.” मलाहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु जी मोटार रिकाम्या टाकीवर सुखानें फिरते तिची वाइंडिंग जळली असें कसें म्हणावें? म्हणून कांहीं खोलण्यापूर्वीं आपण विचार करूं, असें मीं मुलांस सांगितलें.

टाकी भरल्यावर मोटार बंद करणारें व दाब उतरल्यावर ती चालूं करणारें जें लहान उपकरण असतें त्यास प्रेशर स्विच म्हणतात. आमचा ७ किलोस बंद होई व ५ किलोस चालूं होई. त्याचें आणखी एक काम आहे, तें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मोटार बंद होतांच “फुस्स” असा जो आवाज ऐकूं येतो, तो पंप व टाकी यांमधील नळींत अडकलेली हवा सोडून दिल्याचा असतो. ही हवा सोडली नाहीं तर पुढच्या वेळीं दट्ट्यास पहिल्याच फेरींत ५ किलोच्या दाबाविरुद्ध उठावें लागतें, आणि थांबलेल्या मोटारीस तें जमत नाहीं. नळींतील हवा सोडली तरी टाकींतील हवा मागें येऊं नये म्हणून टाकीच्या तोंडाशीं एकमार्गी झडप असते. ती गळत असेल तर तें “फुस्स” थांबतच नाहीं. टाकी रिकामी होईपर्यंत चालूं राहतें. आमच्या यंत्रांत आवाजच होत नव्हता. इयत्ता ९ वीच्या एका विद्यार्थ्यानें, ज्याच्या वडिलांचें पंक्चरचें दुकान आहे, ही गोष्ट माझ्या आधीं ओळखली. बारीक नळी सोडून पाहिली तों तिच्या तोंडांत गांधीलमाशीचें मातीचें घर! तारेनें तें काढतांच आवाज येऊं लागला व मोटार पांचांपैकीं तीन वेळां सुरू होऊं लागली.

पांचांपैकीं दोन वेळां मात्र ती अजून घुमतच होती. तेव्हां लक्ष तारेकडे गेलें. यंत्र उभें केलें त्या शेडपासून विजेचा फलक ३० मीटर दूर आहे. मध्यें जी तार टाकली होती ती दिव्यांच्या कामाची, १ चौरस मिलिमीटर जाडीची, आणि तीन ठिकाणीं पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली. जातां-येतां मिळून ६० मीटर तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारें १.१ ओहम होतो. २ अश्वशक्तीची एक-फेजची मोटार चालूं असतां १० ते ११ अँपियर प्रवाह घेते. परंतु सुरू होण्याच्या क्षणीं ती त्याच्या पांचपट, म्हणजे ५० अँपियरच्या आसपास ओढते. ५० ला १.१ नें गुणा: ५५ व्होल्ट तारेंतच खर्च झाले. आम्हीं मोटारीच्या टोंकांशीं मापक लावून पाहिला. यंत्र उभें असतां २३० व्होल्ट, सुरू होतांना १७८! आतां अशा मोटारीची फिरविण्याची शक्ति व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. १७८ ला २३० नें भागून वर्ग केला तर उत्तर ०.६ येतें. पांच माणसांचें काम तिघांवर टाकलें आणि मग तिघेहि नालायक म्हणून दुसरे मजूर शोधूं लागलों, तसा हा प्रकार होता. मिस्त्रींनीं हें गणित पाटीवर पाहिलें व वाइंडिंगचा विषय पुन्हां काढला नाहीं.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. तीन पायांच्या पिनेंत तारा दोनच होत्या. हिरवी तार, जी यंत्राच्या सांगाड्यास जमिनीशीं जोडते, ती कोणीतरी कापून टाकली होती. मोटारीच्या आंत एखाद्या तारेचें आवरण झिजून ती सांगाड्यास टेकली तर सर्व लोखंड जिवंत होतें, आणि ओल्या पायांनीं टाकीस हात लावणाऱ्याच्या शरीरांतून प्रवाह जमिनींत जातो. हिरवी तार असेल तर तो प्रवाह तिच्यावाटे जाऊन फलकावरील बटण पडतें. फलकापाशीं आम्हीं गळतीचा प्रवाह ओळखणारें उपकरणहि बसविलें. तें ३० मिलिअँपियर, म्हणजे एक अँपियरच्या शंभर भागांपैकीं तीन भागांइतकी गळती झाली कीं वीज तोडतें. फलकाचें काम परवानाधारक वायरमनकडून करविलें. शिक्षकाला पुस्तकी ज्ञान आहे म्हणून त्यानें तें अंगावर घेऊं नये.

यंत्राकडील काम मुलांनीं केलें. ४ चौरस मिलिमीटरची तीनपदरी तांब्याची केबल अखंड टाकली, मध्यें एकहि जोड नाहीं. तारांच्या टोंकांस दाबून लग बसविले. मोटारीवर डब्यासारखा जो कंडेन्सर असतो तो वीज बंद केल्यावरहि भरलेला असूं शकतो. त्याचीं टोंकें पेचकसानें टेकवून ठिणगी काढण्याची जी रीत दुकानांत दिसते ती आम्हीं वापरली नाहीं, रोधक लावून तो सावकाश रिकामा केला. सर्व झाल्यावर मापकाचा आंकडा सुरू होतांना २१४ च्या खालीं गेला नाहीं. मोटार एका दमांत सुरू झाली.

येथें एक गंमत सांगितली पाहिजे. टाकी भरली, मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पण पंप नेहमींपेक्षां लवकर तापूं लागला. चाकावर बाण कोरलेला होता, तिकडे पाहिलें तों चाक उलटें फिरत होतें! तारा जोडतांना सुरुवातीच्या गुंडाळीचीं दोन टोंकें बदललीं गेलीं होतीं. दट्ट्याचा पंप उलटा फिरविला तरी हवा भरतोच, म्हणून चूक उघडकीस येत नाहीं. परंतु चाकाचे आरे पंख्याच्या पात्यांसारखे तिरपे असतात. तें सुलट फिरलें तरच वारा नळकांड्यांवर येतो. टोंकें पुन्हां बदलून ती चूक सुधारली.

आतां टाकीविषयीं. ही गोष्ट मीं शेवटीं लिहिली आहे, आणि दुर्दैवानें केलीहि शेवटींच. वस्तुतः ती सर्वांच्या आधीं करावयाची होती. वर सांगितलेले सर्व प्रयोग चालूं असतां टाकी रोज ६-७ किलोपर्यंत भरली जात होती व वीस-बावीस मुलें तिच्या भोंवतीं उभीं असत. नंतर सुरक्षा-झडपेची कडी ओढून पाहिली, तर ती हालेना. नव्या रंगाच्या थरांत ती चिकटून बसली होती. म्हणजे प्रेशर स्विच एकदां अडकला असता तर दाब वाढत जाण्यास कांहींच अटकाव नव्हता. त्या संध्याकाळीं मीं यंत्र बंद केलें व शेडला कुलूप लावलें.

टाकीचा बाजूचा झांकणासारखा भाग ३५ सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचें क्षेत्र सुमारें ९६२ चौरस सेंटिमीटर होतें, आणि ७ किलोच्या दाबानें त्यावर ६,७०० किलोंहून अधिक जोर बाहेरच्या दिशेनें पडतो. टाकीच्या गोल पत्र्यांत किती ताण येतो, याचेंहि गणित सोपें आहे: दाबास त्रिज्येनें गुणावें व जाडीनें भागावें. पत्रा ३ मिलिमीटर असेल तर हा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ४०० किलो होतो. साधें पोलाद २,५०० किलोंच्या आसपास ताणून कायमचें वांकडें होतें, म्हणून ४०० निर्धास्त. परंतु गंजून पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आला तर तोच ताण २,४५० होतो.

आणि टाकी गंजते ती आंतून, जेथें रंग पोंचत नाहीं. पावसाळ्यांत ३० अंश उष्णमानाच्या ओलसंपृक्त हवेच्या एका घनमीटरांत सुमारें ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. आमच्या टाकींत ७ किलोपर्यंत हवा भरावयाची म्हणजे बाहेरची ८०० लिटर हवा १०० लिटरांत कोंबावयाची. तिच्याबरोबर २४ ग्रॅम पाणी आंत येतें. पण थंड झाल्यावर १०० लिटर जागेंत ३ ग्रॅमच वाफरूपानें राहूं शकतें. बाकीचें २१ ग्रॅम तळाशीं सांचतें, आणि हें प्रत्येक भरतीस. तळाचा निचऱ्याचा नळ आम्हीं उघडला, तेव्हां त्यांतून चहासारखें तांबूस पाणी बराच वेळ वाहिलें.

टाकीची परीक्षा हवेनें करूं नये, पाण्यानें करावी. पाणी जवळजवळ दबत नाहीं. १०० लिटर पाण्यावर १० किलो दाब दिला तरी तें अर्ध्या कपाएवढेंहि आक्रसत नाहीं. म्हणून टाकी फुटली तर पाणी ठिबकतें व दाब तत्काळ नाहींसा होतो. दाबलेली हवा मात्र सुटतांच आठपट पसरूं पाहते व पत्र्याचे तुकडे बरोबर नेते. टाकी पाण्यानें कांठोकांठ भरून, आंतील सर्व हवा काढून, हातपंपानें दाब चढविला. नेहमींच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे साडेदहा किलोपर्यंत जावयाचें ठरलें होतें. काट्यानें ८ दाखविले आणि पायाच्या कोनाजवळ तळांतून सुईसारखी बारीक धार उडाली. भिंतीवर ती दोन हातांवर पोंचली. कोणी बोललें नाहीं. पंप मारणारा तो पंक्चरच्या दुकानाचा मुलगा होता. त्यानें दांडा सोडून माझ्याकडे पाहिलें.

मिस्त्रींचें म्हणणें पडलें कीं ठिगळ मारून वेल्डिंग करावें. बाजारांत सर्व तसेंच करतात. त्यांचें म्हणणें मीं मानलें नाहीं. एका भोंकाभोंवतींचा पत्राहि गंजलेलाच असतो. तेथें वेल्डिंगची उष्णता दिली म्हणजे तो आणखी कमजोर होतो, आणि पुढची जागा कोणती फुटणार हें कोणास ठाऊक? टाकी कापून पाहिली. वरच्या बाजूस पत्रा पुरा ३ मिलिमीटर, तळास कोठें एक, कोठें त्याहून कमी, आणि वाळवीनें खाल्लेल्या लांकडासारखे खड्डे. मुख्याध्यापकांनीं तो तुकडा हातांत घेऊन पाहिला व वार्षिक प्रदर्शनांत हें यंत्र दाखवावयाचें नाहीं असें ठरलें. नव्या टाकीस, तिच्या चाचणीच्या दाखल्यासह, सबंध जुन्या यंत्राएवढाच खर्च आला. म्हणजे स्वस्तांतली खरेदी दुपटीला पडली, हें पालकांपासून लपविण्याचें कारण नाहीं.

नवी टाकी जून महिन्यांत बसविली. नवी सुरक्षा-झडप ८ किलोस उघडते. दर सोमवारीं तिची कडी ओढली जाते. निचऱ्याचा नळ शाळा सुटतांना दररोज उघडावयाचा असतो व त्याची पाळी भिंतीवर लावली आहे. जुलैमधील पहिल्या झडीच्या दिवशीं त्यांतून फुलपात्रभर पाणी निघालें.

ज्या पालकांच्या दुकानांत अशी टाकी आहे त्यांनीं प्रथम तळाचा नळ उघडून पाहावा. पाणी तांबडें आलें किंवा नळच उघडेना, तर टाकी वापरूं नये व पाण्याच्या दाबानें तिची चाचणी करवून घ्यावी. हातपंप, काटा व नळ्या शाळेंत आहेत. मागितल्यास मिस्त्री येऊन चाचणी करून देतील. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे वडील प्रथम रागावले होते; टाकी अठरा वर्षें चालली आहे, तिला काय होतें, असें ते म्हणाले. गेल्या आठवड्यांत ते स्वतः येऊन हातपंप घेऊन गेले आहेत.