विश्लेषण : पार्कच्या तिकिटाबरोबर जेवणाचेही पैसे आधीच भरावेत का?

लोणार : दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मोबाइलवर वॉटर पार्क आणि थीम पार्कच्या जाहिराती सुरू होतात. तिकीट काढायला बसले की शेवटच्या टप्प्यावर एक चौकट हमखास समोर येते : ‘जेवणासह घ्या, बचत करा’. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर वर्षातून एकदाच सहलीला निघणाऱ्या कुटुंबासाठी ही चौकट किरकोळ नसते. चार माणसांच्या जेवणाचे आगाऊ दोन-अडीच हजार रुपये म्हणजे गाडीच्या डिझेलचा मोठा वाटा. ही योजना खरेच फायद्याची असते का, कोणासाठी असते आणि फसगत झाल्यास काय करता येते, याचा हा आढावा.

लोणारकरांसाठी हा प्रश्न आताच का?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या चार तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या बाजूने पूर्ण झाला. पूर्वी शिर्डी म्हटले की मुक्काम ठरलेला असे. आता लोणारहून पहाटे निघालेले कुटुंब दहाच्या सुमारास शिर्डीत पोहोचते. दर्शनाबरोबर तेथील ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्क किंवा ‘साईतीर्थ’ हे थीम पार्क एका दिवसात आटोपून परतणारेही आहेत. २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेले ‘इमॅजिका’ही आता पूर्वीइतके लांब वाटत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांपुरता असलेला जेवणाच्या योजनेचा प्रश्न आता आपल्याही घरात आला आहे.

जेवणाची योजना म्हणजे नेमके काय?

साधारणतः तीन प्रकार दिसतात. पहिला, तिकिटातच एक जेवण धरलेले. दुसरा, ठरावीक रकमेचे कूपन किंवा मनगटावरचा पट्टा, ज्यातून खर्च वजा होत जातो. तिसरा, नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा चहा-फराळ असा दिवसभराचा बुफे.

तिन्ही प्रकारांत पैसे आधी जातात, पण जोखीम वेगवेगळी असते. बुफेत जेवढे खाल तेवढा फायदा. कूपनात उरलेली रक्कम परत मिळते की बुडते, यावर सगळे ठरते. तिकिटातल्या जेवणात ‘एक जेवण’ म्हणजे पूर्ण थाळी की बर्गर आणि थंड पेय, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डचे. तेथील भोजन योजना करोनाकाळात २०२० मध्ये बंद झाली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी साध्या योजनेसाठी प्रौढ व्यक्तीमागे एका रात्रीच्या मुक्कामाला सुमारे ५७ डॉलर आकारले जात होते. तेथे पैशांऐवजी जेवणाचे ‘क्रेडिट’ मिळतात आणि न वापरलेले क्रेडिट मुक्काम संपल्यावर बाद होतात. म्हणून तिकडची कुटुंबे सहलीआधी वहीत हिशेब मांडतात. आपल्याकडची रक्कम लहान असली तरी हिशेबाची रीत तीच आहे.

हिशेब मांडायचा कसा?

‘किती पदार्थ मिळतील’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ‘आपण पार्कमध्ये किती वेळा खाणार’ एवढाच विचारावा. खाली दिलेले दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

समजा, योजना प्रौढांसाठी ६०० आणि मुलांसाठी ४०० रुपये आहे. आई-वडील आणि पाच व नऊ वर्षांची दोन मुले, म्हणून एकूण २,००० रुपये. हेच कुटुंब आत विकत घेऊन जेवले, तर दोन थाळ्या ६०० रुपये, मुलांत मिळून एक पदार्थ २०० रुपये, संध्याकाळचे खाणे चौघांचे ४०० रुपये, चहा-पाणी २०० रुपये. बेरीज १,४०० आणि ५ टक्के जीएसटी धरून १,४७०. म्हणजे योजना घेतल्यास ५३० रुपये जास्त गेले.

आता दुसरे कुटुंब. दोन प्रौढ आणि कॉलेजात जाणारी दोन मुले. चौघांनाही प्रौढांचा दर, म्हणून २,४०० रुपये. विकत घेतल्यास चार थाळ्या १,२०० रुपये, मुलांची वाढीव मागणी ३०० रुपये, संध्याकाळचे खाणे ६०० रुपये, चहा-थंड पेये ४०० रुपये. बेरीज २,५०० आणि कर धरून २,६२५. येथे योजनेत २२५ रुपये वाचले.

फरक पार्कमुळे पडलेला नाही, खाणाऱ्यांमुळे पडला आहे. लहान मुले पाण्यात खेळायला मिळाले की जेवण विसरतात. त्यांच्या नावावरचे पैसे बहुतेक वेळा वाया जातात.

लांबून येणाऱ्यांचे गणित वेगळे का?

स्थानिक माणूस पार्क उघडताच आत जातो आणि बंद होताना बाहेर येतो. लोणारचे कुटुंब पहाटे निघते. वाटेत दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असा डबा उघडतो. दहा-अकराला आत शिरल्यावर नाश्त्याची भूकही नसते आणि अनेक ठिकाणी नाश्त्याची वेळही संपत आलेली असते. परतीचे अंतर लक्षात घेऊन पाच-साडेपाचला बाहेर पडावे लागते. म्हणजे आत प्रत्यक्षात एक जेवण आणि फार तर एक फराळ होतो. तीन वेळांचे पैसे भरून दीड वेळ खाल्ले, तर कितीही सवलत असली तरी तोटाच.

शिर्डीत आणखी एक गोष्ट आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात भाविकांना मोफत प्रसादभोजन मिळते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा महाप्रसाद जिल्ह्याला परिचित आहेच. दर्शनही करायचे असेल, तर रात्रीच्या जेवणाचे पैसे पार्कमध्ये आगाऊ भरण्याचे कारण उरत नाही. मात्र पार्कमधून एकदा बाहेर पडल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश नसतो. त्यामुळे ‘दुपारी बाहेर जाऊन जेवून येऊ’ हा बेत आधी विचारूनच आखावा.

घरचा डबा आत नेता येतो का?

बहुतेक मोठ्या पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. चित्रपटगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला. बाहेरचे खाणे आणू न देण्याची अट मालक घालू शकतो, मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या बाळांसाठी पालकांना अन्न नेता येईल, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल चित्रपटगृहांचा असला, तरी खासगी जागेत प्रवेशाच्या अटी मालक ठरवतो, हे त्यामागील तत्त्व पार्कच्या दारातही पुढे केले जाऊ शकते.

म्हणून डबा गाडीत ठेवावा आणि तो जाता-येताना संपवावा. बाळाचे अन्न, मधुमेहींचे खाणे आणि औषधे यांबाबत पार्कला आधी फोन करून विचारावे. पिण्याच्या पाण्याची मोफत सोय कुठे आहे, हेही विचारावे. चौघांच्या दिवसभराच्या बाटल्यांचा खर्च योजनेत कोठेच दिसत नाही.

उपवास असेल तर?

आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. नवरात्रात लोणार सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या दर्शनाला गर्दी असते आणि अनेक घरांत नऊ दिवसांचे उपवास असतात. श्रावण सोमवार, चतुर्थी, एकादशी सुट्टीत आली की घरातले एखादे तरी माणूस उपवासाचे असते. बुफेत त्याच्या वाट्याला फळे आणि ताक यापलीकडे काही येईलच असे नाही, पण पैसे मात्र पूर्ण पडतात. अशा वेळी सर्वांची योजना घेण्याऐवजी जेवणाऱ्यांपुरतीच घेता येते का, हे पाहावे. कुटुंबातील सर्वांनी घेतलीच पाहिजे अशी अट असेल, तर तोट्याचा धोका वाढतो.

शालेय सहलीचे काय?

येथे चित्र उलटे आहे. पन्नास-साठ मुलांना वेगवेगळ्या काउंटरवर रांगेत उभे करण्यापेक्षा एकत्र जेवण सोयीचे असते. कोणाकडे खर्चायला किती पैसे आहेत, हा भेदही मुलांत राहत नाही. मोठ्या गटाला दरात घासाघीस करता येते. मात्र शाळेने पदार्थांची यादी, जेवणाची वेळ आणि शिक्षकांचे जेवण मोफत आहे की नाही, हे लेखी घ्यावे. पालकांनीही एकूण वर्गणीत जेवणाचा वाटा किती, हे विचारायला संकोच करू नये.

नको असताना योजना माथी मारली तर?

ऑनलाइन तिकीट काढताना जेवणाच्या चौकटीवर आधीच बरोबरची खूण असेल, तर पैसे भरण्यापूर्वी ती काढावी. ग्राहकाच्या संमतीशिवाय खरेदीत जादा वस्तू किंवा सेवा घुसवणे ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे.

आतल्या रेस्टॉरंटमध्ये सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उचलून धरली.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. लोणारच्या ग्राहकाला त्यासाठी अहिल्यानगर किंवा रायगडला खेटे घालावे लागत नाहीत, बुलढाण्यात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. मात्र तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि योजनेच्या अटींचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

मग ठरवायचे कसे?

पैसे भरण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात :

• आपण पार्कमध्ये प्रत्यक्ष किती तास असणार आणि त्यात किती वेळा खाणार?
• लहान मुलांचा दर वयावर ठरतो की उंचीवर? लहानांना प्रौढांचा दर तर लागत नाही ना?
• कूपनातील उरलेली रक्कम त्याच दिवशी परत मिळते का आणि कोणत्या खिडकीवर?
• पाऊस, आजारपण किंवा गाडी बिघडल्याने जाणे रद्द झाले, तर जेवणाचे पैसे परत मिळतात की फक्त तिकिटाचे?
• हीच योजना दारावर त्याच दरात मिळते का? मिळत असेल, तर घाई कशाला?

थोडक्यात, खाणारी तरुण मुले, दिवसभराचा मुक्काम आणि मोठा गट असेल तर योजना घ्यावी. लहान मुले, वयस्कर माणसे, उपवास किंवा उशिरा पोहोचणे असेल तर नको. निर्णय होत नसेल, तर दिवसभराच्या बुफेऐवजी फक्त दुपारचे एक जेवण घ्यावे. पाण्यात तीन-चार तास घालवल्यावर ते सगळ्यांना लागतेच. बाकीची भूक भागवायला गाडीत डबा आहेच.