दाढ ठणकू लागल्यास : गरम शेक की थंड पट्टी?

दाढ ठणकू लागली की अनेक घरांत गालाला गरम शेक दिला जातो. मात्र दाढेच्या मुळाशी पू झाला असल्यास उष्णतेने तेथील रक्तप्रवाह वाढून सूज बळावू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून १० ते १५ मिनिटे धरावा. थंडाव्याने ठणका काहीसा बधिर होतो. शिरूर-दौंडच्या उसाच्या फडावर बर्फ नसेल, तर माठाच्या पाण्यात भिजविलेले फडके उपयोगी पडते. यामुळे वेदना शमते, रोग नव्हे. दंतवैद्यांकडे जाणे टाळू नये. सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरल्यास, ताप आल्यास, तोंड उघडेनासे झाल्यास, गिळणे वा श्वास घेणे जड झाल्यास रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. बागायतदार हितचिंतकांनी एवढे ऊसतोडणी कुटुंबांना अवश्य सांगावे, ही विनंती.