क्रेग मेगीवर झाडं लावली कुणी?

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पर्यटकांची रीघ लागते ती बेन नेव्हिस या शिखराकडे. त्याच्या ईशान्येला, लॉख लॅगन सरोवराच्या काठावरून सुमारे ११३० मीटर उंचीपर्यंत चढत गेलेला क्रेग मेगी हा डोंगर गिर्यारोहक सोडले तर फारसा कुणाला ठाऊक नसतो. हिवाळ्यात त्याच्या कोरी आर्डर या दरीचे कडे गोठले की बर्फावर चढणारे तिथे जमतात. कडे देखणे आहेतच. पण खरी गोष्ट घडली ती खालच्या उतारावर.

१९८०च्या दशकात इथे सिटका स्प्रूस लावायचा घाट घातला गेला. हे झपाट्याने वाढणारं झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं, आणि अशा लागवडीवर तेव्हा घसघशीत करसवलत मिळे. विरोध झाला, आणि १९८५मध्ये सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेने ही जमीनच विकत घेतली.

उतार बोडके होते, पण बियांची वानवा नव्हती. हेदरच्या खुरट्या झुडपांत बर्च आणि रोवनची रोपं दडलेली होती. हरणं आणि मेंढ्या त्यांचे शेंडे दरवर्षी खुडत, त्यामुळे कित्येक वर्षांची रोपंही वीतभरच राहत. हरणांना आवर घालणारे स्कॉटलंडमधले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले होते आणि जमीनदारांना शिकारीसाठी भरपूर रेड डिअर हरणं हवी होती.

संस्थेने मेंढ्या हटवल्या, हरणांची संख्या बंदुकीने घटवली. कुंपण मात्र घातलं नाही. कुंपणाच्या तारांवर आदळून ब्लॅक ग्राउससारखे पक्षी मरतात, शिवाय अडवलेली हरणं शेजारचं रान फस्त करतात. काही वर्षांतच रोपांनी हेदरच्या वर डोकं काढलं. आज कोरी आर्डरकडे जाणारी वाट बराच वेळ बर्चच्या रानातून जाते. बर्चचा पाला लवकर कुजतो, हेदरखालची आम्लधर्मी माती हळूहळू सुधारते आणि इतर वनस्पतींना जागा मिळते.

वर, कड्यांच्या अरुंद कपारींत, काही उंच फुलझाडं आधीपासून तग धरून होती. त्यांना कडाच आवडतो असं नाही. हरणा-मेंढ्यांचं तोंड पोचत नाही अशी तेवढीच जागा उरली होती.

शिकारीवर कमाई करणाऱ्या शेजाऱ्यांना हा प्रयोग रुचला नाही, तेही स्वाभाविकच. पण हरणांना हद्द कळत नाही. एका बाजूने कमी केली की दुसरीकडून येतात. म्हणून चराई आटोक्यात ठेवण्याचं हे काम एकदा करून संपत नाही. इथे आजही हरणं मारावी लागतात.