सापशिडी : दैवाच्या खेळातील शिक्षण

शालेय शिक्षणात खेळाचे स्थान आता सर्वमान्य आहे. मैदानी खेळांनी शरीर घडते, बुद्धिबळाने विचारशक्ती वाढते, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. परंतु ज्या खेळात खेळणाऱ्याच्या कौशल्याला काडीचाही वाव नाही, फासा टाकावा आणि पडेल त्या दानाप्रमाणे सोंगटी सरकवावी एवढेच ज्यात करायचे असते, त्या सापशिडीसारख्या खेळापासून बालकाने काय शिकावे? असा खेळ त्याला दैववादी तर करणार नाही ना? स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेत एवढ्या साध्या विषयाला जागा देण्याचे कारण हेच की, या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या परंपरेचा, गणिताचा आणि घरातील भाषेचाही विचार करावा लागतो.

दान आणि दैव

आपल्या वाङ्मयात फाशाविषयीची पहिली तक्रार फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे द्यूतात सर्वस्व गमावलेल्या माणसाचे मनोगत आहे. त्या काळचे अक्ष म्हणजे आजचे सहा बाजूंचे फासे नव्हेत. ती बेहड्याची फळे होती. हिंदीत ज्याला बहेडा म्हणतात आणि त्रिफळा चूर्णामुळे जो घरोघरी ठाऊक आहे, तोच हा वृक्ष. बालाघाटच्या जंगलात तो आजही आढळतो.

याच वृक्षाखाली महाभारताच्या वनपर्वातील एक मोठा बोधप्रद प्रसंग घडतो. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. दोघे विदर्भाकडे निघाले असता ऋतुपर्ण वाटेवरच्या एका बेहड्याची पाने व फळे न मोजताच त्यांची संख्या सांगतो. नल वृक्ष तोडून फळे मोजून पाहतो, तो संख्या बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, आणि गणनेची विद्या शिकवतो. ती विद्या प्राप्त होताच नलाच्या शरीरातून कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला, म्हणजे नुकतेच द्यूतात सर्वस्व हरलेल्या राजालाच सांगतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. कथेचा आशय असा की, फाशाला शरण गेलेला माणूस बुडतो. फाशाचे गणित जाणणारा मोकळा होतो. सापशिडीच्या शैक्षणिक उपयोगाचे बीज याच विचारात आहे.

मोक्षपटापासून सापशिडीपर्यंत

सापशिडीचे मूळ भारतीय आहे. मराठी लोकश्रुती या खेळाचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते आणि त्याला ‘मोक्षपट’ म्हणते. या श्रुतीला समकालीन लेखी पुरावा मात्र उपलब्ध नाही. आज पाहावयास मिळणारे जुने पट बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपटांचा अभ्यास केला. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातील अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या खेळाच्या भारतीय रूपांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. वैष्णव परंपरेत ७२ घरांचे, जैन परंपरेत ८४ घरांचे आणि सूफी परंपरेत १०० घरांचे पट आढळतात.

७२ घरांच्या प्रचलित पटाची एक विशेषता लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाचे साध्य शेवटचे घर नसून ६८वे, म्हणजे वैकुंठाचे घर आहे. ते ओलांडून पुढे जाणारी सोंगटी ७२व्या घरी पोचली की तमोगुणाच्या सापाने पुन्हा पृथ्वीवर येते. ‘सर्वांच्या पुढे’ जाणे आणि ‘योग्य ठिकाणी’ पोचणे यांतील हा भेद पटावरच रेखाटलेला होता. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. पडलेल्याला पुन्हा चढण्याची संधी नेहमीच असे.

पुढे हा खेळ इंग्लंडात गेला. लंडनच्या फ्रेडरिक हेन्री एअर्स यांनी १८९२ साली त्याची नोंदणी केली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ साली सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. या प्रवासात मोक्ष व तमोगुण गळून पडले आणि एक ते शंभर अंकांचा पट तेवढा उरला. धर्मविचार गेला ही हानी खरी. परंतु जे उरले तेही टाकाऊ नाही.

फाशाचे हृदय

सहा बाजूंच्या फाशात प्रत्येक दान पडण्याची शक्यता सारखीच असते, आणि मागे काय पडले हे फासा लक्षात ठेवीत नाही. ‘इतका वेळ सहा पडले नाहीत, म्हणजे आता पडणारच’ हा मोठ्या माणसांचाही आवडता भ्रम आहे. वास्तविक सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश असते. दहा वेळा टाकूनही सहा न पडणे सुमारे १६ टक्के वेळा घडते. ‘माझे नशीबच खोटे’ म्हणून रुसणाऱ्या मुलाच्या वाट्याला आलेले दुःख हे सहा मुलांपैकी एकाच्या वाट्याला येणारच असते. त्यात त्याचा दोष नाही आणि दैवाचा रोषही नाही.

हा प्रयोग चिंचोक्यांनी अधिक रंजक होतो. चंगअष्ट्यासाठी चिंचोके मधोमध फोडून चार फाका घेतात. प्रत्येकीची एक बाजू पांढरी व एक तपकिरी असते. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे मानले, तर चार फाकांच्या एकंदर १६ मांडण्या होतात. चारही पांढऱ्या पडण्याची मांडणी एकच, चारही तपकिरी पडण्याचीही एकच. एक किंवा तीन पांढऱ्या पडण्याच्या प्रत्येकी चार आणि दोन पांढऱ्या पडण्याच्या सहा. म्हणूनच चंग व अष्टा ही मोठी दाने क्वचित पडतात आणि दोनाचे दान वारंवार पडते. पाचवी-सहावीच्या वर्गाने शंभर दाने टाकून वहीत नोंदली, तर बहुधा हेच चित्र उमटेल. न उमटल्यास फाका सारख्या आहेत का, हे तपासण्याची उत्तम संधी मिळेल. ऋतुपर्णाची विद्या ती हीच.

मोजण्याची भाषा

त्याहून लहान मुलांसाठी हा पट अंकओळखीचे साधन आहे. अमेरिकेतील गीता रमाणी व रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवर दोन आठवड्यांत चार वेळा थोडा थोडा वेळ खेळू दिले. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळणाऱ्यांच्या तुलनेत या मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढली. पद्धत मात्र महत्त्वाची ठरली. सोंगटी पंचविसाव्या घरी असताना तीनचे दान पडले, तर ‘एक, दोन, तीन’ न म्हणता ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’ असे म्हणत पुढे जावे. घराचा अंक मुखाने उच्चारल्यानेच संख्यांचा क्रम मनात ठसतो.

येथे आपल्या जिल्ह्याचा विशेष विचार करावा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा दोन्हीकडून वाहते. पण पलीकडचे मूल शाळेत मराठीतून मोजते आणि आपले बहुधा हिंदीतून. घरी मराठी किंवा पोवारी बोलणारी मुलेही ‘एकोणसाठ’ ऐकून थबकतात. वस्तुतः दोन्ही भाषांची तुलना हाच एक पाठ आहे. ७९ ला हिंदीत ‘उन्यासी’ व मराठीत ‘एकोणऐंशी’ म्हणतात. दोन्हींत ऐंशीतून एक वजा आहे. ८९ ला मात्र हिंदी ‘नवासी’ म्हणून ऐंशीत नऊ मिळवते, तर मराठी ‘एकोणनव्वद’ म्हणून नव्वदातून एक काढते. आजीने एक डाव मराठीत मोजावा आणि नातवाने पुढचा हिंदीत. गणित व मातृभाषा दोन्ही जगतील.

हार पचविण्याची सवय

बहुतेक खेळांत लहानग्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतात. सापशिडीत त्याची गरज नाही. चार वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा या पटावर खरोखरीचे समान असतात. म्हणूनच वडीलधाऱ्यांनी मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नये. त्याने रडी खाल्ली तर रागावू नये, पण सापाच्या तोंडातली सोंगटी खाली आणायला लावावी. ज्या पराभवात आपला दोष नाही तो शांतपणे स्वीकारणे, आणि ज्या विजयात आपले कर्तृत्व नाही त्याचा ताठा न बाळगणे, हे दोन्ही धडे इतक्या स्वस्तात अन्यत्र मिळत नाहीत.

अट एकच : पण नसावा. कोजागरीच्या रात्री अक्षक्रीडा सांगितली आहे आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. परंतु ऋग्वेदातील जुगाऱ्यापासून युधिष्ठिरापर्यंत सर्वांना बुडविले ते पणाने. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेला २०२५ साली बंदीचा कायदा करावा लागला. कायदा आपले काम करील. पण दान म्हणजे काय, ते का पडते आणि का पडत नाही, हे ज्याने लहानपणी घरच्या पटावर पाहिले आहे, त्याला मोबाइलवरील आमिष ओळखणे सोपे जाईल. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी आठवड्यातून एक संध्याकाळ या पटासाठी राखून ठेवावी, आणि शाळेने वर्गावर्गात चिंचोक्यांची एक पुरचुंडी ठेवावी. खर्च नाममात्र आहे आणि नलाला वनवासात जे शिकावे लागले ते आपल्या मुलांना घरीच शिकता येईल.